सुझन कॉलिन्स ‘मध्यममार्गी’ म्हणजे नेमक्या कुठे? मतांच्या नोंदीवरून

मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्याबद्दल अमेरिकेत दोन तक्रारी कायम ऐकू येतात. डेमोक्रॅट म्हणतात, आधी चिंता व्यक्त करतात आणि मग मत पक्षाच्याच पारड्यात टाकतात. रिपब्लिकन म्हणतात, ऐन मोक्याच्या वेळी पाठ फिरवतात. दोन्ही तक्रारींना पुरावा सापडतो, कारण १९९७ मध्ये सिनेटमध्ये आल्यापासून त्यांनी नावानिशी नोंद होणारं एकही मतदान चुकवलेलं नाही. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यातून ज्याला जे हवं ते मत उचलून दाखवता येतं. म्हणून सुटी मतं बाजूला ठेवून त्यांच्यातली रीत शोधायला हवी. ती सापडते, आणि ‘सगळ्याच प्रश्नांवर मधोमध’ अशी ती नाही. काही विषयांत त्या पक्षाच्या बाहेर ठामपणे उभ्या असतात, काही विषयांत जवळपास पूर्णपणे आत असतात, आणि काही ठिकाणी दाराशी होकार देऊन आत गेल्यावर नकार देतात.

आधी मतदारसंघ. कॉलिन्स यांचा जन्म १९५२ चा, मेनच्या उत्तर टोकाला कॅनडाच्या सीमेजवळ असलेल्या कॅरिबू गावातला. घरचा धंदा लाकडाचा, आई आणि वडील दोघंही वेगवेगळ्या वेळी गावचे महापौर. बिल कोहेन यांच्या कार्यालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, १९९४ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्या आणि १९९६ मध्ये कोहेन यांनी सोडलेल्या सिनेटच्या जागेवर निवडून आल्या. मेनची लोकसंख्या सुमारे १४ लाख, वस्ती बरीचशी ग्रामीण, आणि सरासरी वयाने हे देशातलं सर्वांत म्हातारं राज्य. २०२० मध्ये याच राज्यात बायडेन सुमारे ९ टक्क्यांच्या फरकाने जिंकले आणि त्याच दिवशी कॉलिन्सही साडेआठ टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या. २०२४ नंतर तर कमला हॅरिस यांनी जिंकलेल्या राज्यातून आलेल्या त्या एकमेव रिपब्लिकन सिनेटर उरल्या. त्यांची बरीचशी मतं या एका गोष्टीने उलगडतात, सगळी नाही.

भारतातल्या वाचकाने एक फरक मनात पक्का धरायला हवा. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली व्हीप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत असं काही नाही. पक्षाचा दबाव असतो, पण तो पुढच्या निवडणुकीत पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी उभा करण्याचा, निधी आखडण्याचा, समितीतल्या जागेचा. त्यामुळे पक्षाविरुद्ध एक मत पडलं म्हणजे बंड झालं असं तिथे कोणी मानत नाही. आमदार फुटल्याच्या बातम्या वाचायची सवय असलेल्या आपल्याला हे जरा जड जातं.

नोंद वाचायची कशी

सिनेटच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदानाला क्रमांक, तारीख आणि ‘प्रश्न’ असा एक रकाना असतो. बहुतेक गोंधळ हा रकाना न वाचल्यामुळे होतो. एकाच विधेयकावर निदान तीन वेगळ्या प्रकारची मतं पडू शकतात. पहिलं, विधेयक चर्चेला घ्यायचं का. दुसरं, क्लोचर, म्हणजे चर्चा थांबवून पुढे जायचं का. तिसरं, अंतिम मंजुरी. साध्या कायद्याला क्लोचरसाठी १०० पैकी ६० मतं लागतात. खरी लढाई तिथेच होते आणि अंतिम मतदान पुष्कळदा उपचार असतो. अपवाद दोन. नेमणुकांना साधं बहुमत पुरतं: खालच्या न्यायालयांसाठी आणि प्रशासकीय पदांसाठी २०१३ पासून, सर्वोच्च न्यायालयासाठी २०१७ पासून. आणि रिकन्सिलिएशन नावाच्या अर्थसंकल्पी वाटेने आणलेलं विधेयकही साध्या बहुमताने जातं. समसमान मतं पडली तर उपराष्ट्राध्यक्ष आपलं मत टाकतात.

म्हणून कॉलिन्स यांचं कुठलंही मत समोर आलं की आधी प्रश्न कोणता होता ते पाहावं, मग किती मतं लागत होती, मग त्यांचं मत उलटं केलं तर निकाल बदलला असता का. तिसरी पायरी लोक हमखास गाळतात.

२०१७ मधलं बेट्सी डेव्होस यांच्या शिक्षणमंत्रिपदाचं प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. सभागृहात कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांनी विरोधात मत दिलं, निकाल ५०-५० झाला आणि उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांच्या मताने नेमणूक झाली. वर्तमानपत्रांत ‘दोघींचं बंड’ असे मथळे शोभले असते. पण त्याच्या आठवडाभर आधी समितीत हेच नाव १२ विरुद्ध ११ मतांनी पुढे सरकलं होतं, आणि त्या १२ मध्ये या दोघी होत्या. राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेलं नाव पूर्ण सभागृहापुढे यावं, ते समितीत अडवू नये, अशी ही भूमिका. पटो न पटो, कॉलिन्स यांच्या कारकिर्दीत ती पुन्हा पुन्हा दिसते: प्रक्रियेला वाट मोकळी, निर्णयावर वेगळं मत.

उलटी चूकही होते. बहुमतातल्या पक्षाचा नेता कधी कधी स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत देतो, कारण नियमाप्रमाणे हरलेला ठराव पुन्हा मतदानाला आणण्याचा हक्क जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्याला असतो. हे माहीत नसेल तर यादीत त्याचा ‘नाही’ पाहून डोकं चक्रावतं. शिवाय असंख्य विधेयकं आवाजी मताने किंवा सर्वसंमतीने जातात; तिथे कोणाचीच नावनिशी नोंद राहत नाही.

आरोग्य: सर्वांत ठाम जागा

ओबामांचा आरोग्यविमा कायदा डिसेंबर २००९ मध्ये सिनेटमध्ये ६०-३९ ने मंजूर झाला तेव्हा कॉलिन्स विरोधात होत्या. जुलै २०१७ मध्ये तोच कायदा मोडायला निघालेल्या स्वपक्षालाही त्यांनी विरोध केला. रिपब्लिकनांच्या ५२ जागा होत्या, वाट रिकन्सिलिएशनची होती, म्हणजे दोनच मतं गमावून चालणार होतं. कॉलिन्स यांनी विधेयक चर्चेला घेण्यालाच नकार दिला. ते मतदान ५०-५० झालं आणि पेन्स यांनी दार उघडलं. तीन दिवसांनी, २८ जुलैच्या पहाटे, त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि विधेयक ४९-५१ ने पडलं. मॅकेन यांचा अंगठा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्या अंगठ्याला वजन आलं ते कॉलिन्स आणि मर्कोव्स्की यांच्या आधीच्या दोन ‘नाही’मुळे.

आता २०२५. ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या महाविधेयकात मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरने कमी होणार होता. मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा, आणि मेनमध्ये जवळपास ४ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यावर आहेत. ग्रामीण रुग्णालयं याच पैशावर तगतात. रुग्ण विम्याविना आला तरी आपत्कालीन विभागाला त्याला परत पाठवता येत नाही, बिल मात्र कोणी भरत नाही. तोटा वाढला की सर्वांत आधी प्रसूती विभाग बंद होतो.

या वेळी कॉलिन्स यांनी चर्चेला घेण्याच्या ठरावाला होकार दिला. तो ५१-४९ ने जिंकला. मग त्यांनी दुरुस्ती मांडली: ग्रामीण रुग्णालयांसाठीचा निधी २५ अब्जांवरून ५० अब्ज डॉलर करा आणि त्याचा पैसा अतिश्रीमंतांच्या आयकराचा वरचा दर वाढवून उभा करा. ती २२-७८ ने आपटली. अंतिम मतदानात, १ जुलैला, त्यांनी विरोध केला. थॉम टिलिस आणि रँड पॉल यांच्यासह तीन रिपब्लिकन फुटले, ५०-५० झालं, आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक मंजूर झालं. गंमत अशी, की ५० अब्जांचा आकडा शेवटी कायद्यात आलाच, पण कराची बाजू सोडून.

टीकाकार विचारतात, २०१७ सारखं दारातच का नाही अडवलं? हिशेब करून पाहा. त्यांचं एकटीचं मत फिरलं असतं तर चर्चेचा ठराव ५०-५० झाला असता आणि व्हान्स यांनी तो वाचवला असता. म्हणजे निकाल बदलला नसता. मात्र दारात उभं राहून सौदा करण्याची ताकद त्यांनी आधीच सोडून दिली, ही टीका माझ्या मते रास्त आहे. चर्चा सुरू झाल्यावर नेत्याला ठाऊक असतं की तीन जण गेले तरी चालतील, आणि मग तो चौथ्याला सांभाळण्यात शक्ती घालतो. इथे तो चौथा म्हणजे मर्कोव्स्की होत्या. अलास्कासाठी सवलती पदरात पाडून त्यांनी होकार दिला.

कर: इथे त्या पक्षाच्याच

कराच्या बाबतीत कॉलिन्स यांना मध्यममार्गी म्हणणं कठीण आहे. २००१ ची बुश करकपात, २००३ ची करकपात, २०१७ ची ट्रम्प करकपात, तिन्हींना होकार. २००३ मध्ये मेनच्याच दुसऱ्या सिनेटर ऑलिंपिया स्नो विरोधात गेल्या होत्या, कॉलिन्स नाही.

२०१७ चा व्यवहार मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या करकायद्यातच विमा न घेणाऱ्याला होणारा दंड शून्यावर आणण्याचं कलम होतं, म्हणजे जुलैत जो कायदा त्यांनी वाचवला त्याचाच एक खांब डिसेंबरमध्ये काढला जात होता. बदल्यात त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. मालमत्ताकराची वजावट १० हजार डॉलरपर्यंत टिकावी. वैद्यकीय खर्चाची वजावट उत्पन्नाच्या १० ऐवजी ७.५ टक्क्यांपुढे मिळावी. आणि विम्याचे हप्ते आवाक्यात ठेवणारी दोन वेगळी विधेयकं पक्षाने नंतर मंजूर करावीत. पहिल्या दोन कायद्यात लिहिल्या गेल्या आणि मिळाल्या. तिसरी शब्दावर राहिली. ती विधेयकं कधीच मंजूर झाली नाहीत. कायद्यात लिहून घेतलेलं आणि पुढे करू म्हणून सांगितलेलं, यांची किंमत वॉशिंग्टनमध्ये किती वेगळी असते ते इथे दिसतं.

न्यायाधीश आणि गर्भपात

गर्भपाताचा हक्क असावा, हे त्यांचं मत जुनं आणि उघड आहे. अडचण येते ती न्यायाधीशांपाशी. त्यांचा निकष असा, की उमेदवार पात्र आहे का, स्वभावाने न्यायाधीश आहे का आणि प्रस्थापित निवाड्यांचा मान राखतो का ते पाहायचं. एखाद्या खटल्यात तो काय करेल याची हमी मागायची नाही. या निकषावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी ट्रम्प यांनी सुचवलेल्या उमेदवारांपैकी २०१७ मध्ये गोर्सच यांना आणि २०१८ मध्ये कॅव्हनॉ यांना मत दिलं. कॅव्हनॉ यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झालेला होता, निकाल ५०-४८ असा निसटता लागला, आणि कॉलिन्स यांचं लांबलचक भाषण संपल्यावर लगेच डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांनीही होकार जाहीर केला. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो खटल्याचा निवाडा हे न्यायाधीश मोडतील असं आपल्याला वाटत नाही, अशी त्यांची मांडणी होती. २४ जून २०२२ ला तो मोडला, आणि मोडणाऱ्यांत दोघंही होते. आपल्याला जे सांगितलं गेलं त्याच्याशी हे विसंगत आहे, असं कॉलिन्स तेव्हा म्हणाल्या. निकषाची कमजोरी उघड आहे: प्रस्थापित निवाड्याचा आदर करतो असं म्हणणाऱ्या उमेदवाराला तो निवाडा उलटवण्यापासून रोखणारं काहीच त्यात नाही.

उलट्या बाजूची मतंही पडली. ऑक्टोबर २०२० मध्ये निवडणूक तोंडावर असताना नेमणूक नको, या कारणाने ट्रम्प यांच्याच उमेदवार बॅरेट यांना विरोध करणाऱ्या त्या एकट्या रिपब्लिकन होत्या. निकाल ५२-४८, म्हणजे त्यांच्या मताने काही अडलं नाही. २०२२ मध्ये बायडेन यांच्या उमेदवार केतांजी ब्राऊन जॅक्सन यांना त्यांनी होकार दिला.

निवाडा मोडण्याआधीच, मे २०२२ मध्ये, डेमोक्रॅटांनी गर्भपाताच्या हक्काचं विधेयक आणलं. कॉलिन्स विरोधात गेल्या आणि ते ४९-५१ वर अडकलं. धार्मिक कारणाने गर्भपातात सहभागी व्हायला नकार देणाऱ्या डॉक्टर आणि रुग्णालयांना असलेलं संरक्षण त्यात राहत नाही, हा त्यांचा आक्षेप. पुढे डेमोक्रॅट टिम केन यांच्यासह त्यांनी अरुंद मसुदा मांडला: रो निवाड्याखाली जेवढं होतं तेवढं कायद्यात लिहा. तो ६० मतांच्या जवळपासही फिरकला नाही. मध्यम मसुद्याला दोन्हीकडचे थोडे थोडे मिळतील असं वाटतं. इथे दोन्हीकडचे गेले.

सरकारी तिजोरीची चावी

२०२५ पासून कॉलिन्स सिनेटच्या विनियोजन समितीच्या अध्यक्ष आहेत. कुठल्या खात्याला किती डॉलर, हे ठरवणारी ही समिती. बाथच्या कारखान्यात बांधल्या जाणाऱ्या विनाशिका, किटरीच्या गोदीत दुरुस्त होणाऱ्या पाणबुड्या, गावोगावची अग्निशमन केंद्रं, सगळ्याला पैसा इथून जातो. बटाट्यासाठीही त्या लढल्या आहेत. ही चेष्टा नाही: शाळेच्या जेवणात बटाटा किती वेळा द्यावा यावर कृषी खातं मर्यादा आणणार होतं, तेव्हा २०११ मध्ये त्यांनी दुरुस्ती आणून ती थांबवली. त्यांच्या जन्मगावचा जिल्हा बटाट्याचा आहे.

या समितीची विधेयकं ६० मतांनी जातात, म्हणून दोन्ही पक्षांची संमती लागते. त्यामुळे ‘रिसिशन’ या वाटेवर त्यांचा राग आहे. १९७४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष मंजूर झालेला पैसा रद्द करण्याची विनंती करू शकतात आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ४५ दिवसांत साध्या बहुमताने ती मान्य करू शकते. म्हणजे ६० मतांनी केलेला करार ५१ मतांनी मोडता येतो. मग पुढच्या वेळी विरोधी पक्ष करार करेलच कशाला? जुलै २०२५ मध्ये परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारणाचे ९ अब्ज डॉलर याच पद्धतीने कापले गेले. एड्सविरोधी कार्यक्रमाची कपात कॉलिन्स यांच्या आग्रहाने वगळली गेली होती, तरीही त्यांनी विरोधात मत दिलं; निकाल ५१-४८. ऑगस्टमध्ये आणखी ४.९ अब्ज डॉलर असे रोखले गेले की काँग्रेसच्या विचाराआधीच आर्थिक वर्ष संपावं. ते बेकायदा आहे असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. मात्र म्हणणं आणि अडवणं यात अंतर आहे, आणि समितीच्या अध्यक्षाकडे ते पार करण्याची साधनं फार थोडी आहेत.

बाकी विषय झरझर. बंदुका: २०१३ मध्ये खरेदीदाराच्या पार्श्वभूमी तपासणीला होकार, जो ५४-४६ असूनही ६० अभावी पडला, २०२२ च्या माफक कायद्यालाही होकार. समलिंगी हक्क: २०१० मध्ये सैन्यातली बंदी उठवण्यात लीबरमन यांच्यासह पुढाकार, २०२२ मध्ये विवाहाला संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या प्रवर्तकांपैकी एक. निवडणूक: मॅन्चिन यांच्यासह २०२२ चा कायदा, ज्याने एखाद्या राज्याच्या निकालावर हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांत प्रत्येकी एक पंचमांश सदस्यांची सही बंधनकारक केली; आधी एकेक पुरत होती. महाभियोग: १९९९ मध्ये क्लिंटन निर्दोष, २०२० मध्ये ट्रम्प निर्दोष, २०२१ मध्ये ट्रम्प दोषी. टॅरिफ: एप्रिल २०२५ मध्ये कॅनडावरच्या आयातशुल्काची आणीबाणी संपवण्याच्या ठरावाला होकार. मेनचं घरं तापवायचं तेल कॅनडातून येतं आणि मेनचा माल प्रक्रियेला तिकडे जातो, त्यामुळे यात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. स्थलांतर: जानेवारी २०१८ च्या शटडाऊनमध्ये, म्हणजे निधीअभावी सरकारी कामकाज बंद असताना, त्यांच्या दालनात दोन्ही पक्षांचे सिनेटर जमले. ज्याच्या हातात काठी त्यानेच बोलायचं असा नियम होता. ती काठी फेकली गेली आणि शेल्फवरच्या काचेच्या हत्तीचा टवका उडाला. त्या बैठकांतून निघालेल्या तोडग्याला फेब्रुवारीत ५४ मतं पडली. लागत होती ६०.

हा ५४ चा आकडा पुन्हा पुन्हा येतो. ६ जानेवारीच्या दंगलीच्या चौकशी आयोगालाही २०२१ मध्ये ५४ मतं होती, कॉलिन्स यांच्या मतासह, आणि तोही पडला. तरीही फिलिबस्टर, म्हणजे ६० ची अट, काढायला त्यांचा ठाम विरोध आहे. २०१७ मध्ये ती टिकावी म्हणून त्यांनी आणि डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांनी ६१ सिनेटरांच्या सह्यांचं पत्र काढलं होतं. तर्क सरळ आहे: ६० ची अट गेली की बहुमताला मधल्या माणसाची गरजच उरत नाही.

शेवटी गुणपत्रिकांबद्दल. लुगर सेंटर या संस्थेच्या द्विपक्षीयता निर्देशांकात कॉलिन्स अनेक वर्षं सिनेटमध्ये पहिल्या आल्या आहेत, आणि त्यांचे समर्थक हा आकडा पुढे करतात. तो निर्देशांक मोजतो ते विधेयकांचं सहप्रायोजकत्व: तुमच्या विधेयकावर विरोधी पक्षाच्या किती सह्या आणि त्यांच्या विधेयकांवर तुमच्या किती. मतदान त्यात येतच नाही. उलट ‘राष्ट्राध्यक्षांशी किती टक्के जुळली’ अशी गुणपत्रिका फक्त मतदान मोजते, आणि त्यात नेमणुकांची ढीगभर मतं असल्याने ती वेगळंच चित्र दाखवते. २०२५ चंच पाहा: संरक्षणमंत्रिपदासाठी हेगसेथ आणि एफबीआयच्या प्रमुखपदासाठी पटेल यांना कॉलिन्स यांनी नाकारलं, आरोग्यमंत्रिपदासाठी केनेडी आणि गुप्तचर संचालकपदासाठी गॅबर्ड यांना स्वीकारलं. टक्केवारीत या चारही मतांचं वजन सारखंच धरलं जातं.

डिसेंबर २०२५ मध्ये आरोग्यविम्याच्या वाढीव अनुदानाची मुदत संपत होती. डेमोक्रॅटांनी तीन वर्षांच्या मुदतवाढीचं विधेयक आणलं. कॉलिन्स यांनी स्वपक्षाचे बर्नी मोरेनो यांच्यासह वेगळा आराखडा पुढे केला होता: दोन वर्षं, आणि उत्पन्नाला २ लाख डॉलरची मर्यादा. तो मतदानाला आला नाही. ११ डिसेंबरला डेमोक्रॅटांच्या विधेयकावर क्लोचरचं मतदान झालं तेव्हा होकार देणाऱ्या चार रिपब्लिकनांत कॉलिन्स होत्या. मतं पडली ५१-४८, आणि महिनाअखेरीस अनुदान संपलं.